नाशिकमधील २४ तासांची होल्टर तपासणी आणि एचआरव्ही अहवाल: आमचा अनुभव

माझे थोरले बंधू द्राक्षबागांचे सल्लागार म्हणून बोलिव्हियातील तारिहा भागात सहा वर्षे राहिले आणि परतताना चागास हा परजीवीजन्य आजार सोबत घेऊन आले. तिकडे ‘विंचुका’ म्हणून ओळखला जाणारा, ढेकणाच्या जातकुळीतला कीटक मातीच्या घरांच्या भेगांत राहतो, रात्री चावतो, आणि त्याच्या विष्ठेतील ‘ट्रिपॅनोसोमा क्रूझी’ हा परजीवी खाजवलेल्या जखमेतून किंवा डोळ्यांतून शरीरात शिरतो. कार्लोस चागास यांनी १९०९ मध्ये ब्राझीलमध्ये या आजाराचे वर्णन केले. बाधितांपैकी साधारण २० ते ३० टक्के लोकांचे हृदय पुढे, पुष्कळदा काही दशकांनी, बिघडते. दादांच्या इसीजीत राइट बंडल ब्रांच ब्लॉक (हृदयाच्या उजव्या बाजूकडे जाणाऱ्या विद्युत संदेशातला अडथळा) दिसल्यामुळे नाशिकच्या हृदयरोगतज्ज्ञांनी होल्टर (अंगावर लावून दिवसभर हृदयाचे ठोके नोंदवणारे छोटे यंत्र) लावून एचआरव्ही, म्हणजे हृदयाच्या दोन ठोक्यांमधील अंतरात होणारा चढउतार, मोजायला सांगितले. कॉलेज रोड परिसरातील एका निदान केंद्रात आम्ही ही तपासणी करून घेतली.

मशीन बसवण्याचे काम उत्तम झाले, हे मला मनापासून नोंदवायचे आहे. तंत्रज्ञ ताईंनी छातीवरचे केस काढले, त्वचा स्पिरिटने पुसून पूर्ण कोरडी होऊ दिली, मगच इलेक्ट्रोड चिकटवले आणि प्रत्येक वायरीला छोटा वळसा देऊन वर चिकटपट्टी लावली. एप्रिलच्या घामातही एकही इलेक्ट्रोड सुटला नाही. “दादा, आज आंघोळ नाही, पण बाकी रोजच्यासारखेच वागा, चाललात, झोपलात, छातीत धडधडले तर वेळ लिहा,” असे सांगून त्यांनी नोंदवही दिली. संध्याकाळी कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर दादा नेहमीच्या तीन फेऱ्या चालले, तीही वेळ आम्ही लिहिली.

अडचण अहवालात होती. पहिल्या छापील पानावर एसडीएनएन (पूर्ण नोंदीतला एकूण चढउतार) ११२ आणि आरएमएसएसडी (लागोपाठच्या ठोक्यांच्या अंतरांतला फरक) ६८ मिलिसेकंद होते, आणि खाली ‘समाधानकारक’ असा शेरा होता. आरएमएसएसडी हा आकडा मुख्यतः हृदयाची गती मंदावणाऱ्या व्हेगस मज्जातंतूचा प्रभाव दाखवतो. चागासमध्ये हृदयाची पंपक्षमता चांगली असतानाही हा प्रभाव घटलेला आढळू शकतो, त्यामुळे साठीच्या माणसाचा एवढा मोठा आकडा पाहून डॉक्टरांनाच शंका आली. एचआरव्ही फक्त नैसर्गिक ठोक्यांच्या अंतरांवरून काढायची असते. अवेळी पडलेला एक जादा ठोका आणि त्यामागचा लांब खंड गणतीत राहिला, तर चढउतार खोटा वाढतो. दादांच्या नोंदीत असे सुमारे ९०० ठोके होते आणि संगणकाने ते वगळलेच नव्हते. आम्ही पुन्हा गेलो तेव्हा त्याच ताईंनी पडद्यावर एकेक पट्टी तपासून ते ठोके बाजूला काढले. नव्या अहवालात एसडीएनएन १०४ झाला, म्हणजे फारसा हलला नाही, पण आरएमएसएसडी थेट १७ वर आला. ज्या आकड्यासाठी एवढा खटाटोप केला होता, तोच पहिल्या कागदावर चौपट फुगलेला होता! दुरुस्तीचे वेगळे पैसे घेतले नाहीत, तरी शंका घ्यायला जाणकार डॉक्टर नसते तर तो कागद तसाच फाइलमध्ये पडून राहिला असता, याचे मला अजूनही वाईट वाटते.

कमी आरएमएसएसडी वाचून घरी सगळे धास्तावले होते. त्यावर डॉक्टरांनी समजावले की चागासच्या हृदयविकारात मृत्यूचा धोका मोजण्यासाठी २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रासी गुणांकात एचआरव्ही धरलेलीच नाही. त्यात पाहतात ते धाप लागण्याची पातळी, एक्सरेवर हृदयाचा वाढलेला आकार, इकोमध्ये भिंतीच्या हालचालीतील दोष, होल्टरवर जलद वेंट्रिक्युलर (हृदयाच्या खालच्या कप्प्यांतून उठणाऱ्या) ठोक्यांची छोटी मालिका, इसीजीतील कमी व्होल्टेज आणि पुरुष असणे. २० पैकी दादांचे गुण २ भरले, तेही केवळ पुरुष असल्याचे. सहापर्यंतचे गुण कमी धोक्याचे मानतात. म्हणजे त्याच होल्टरमध्ये जलद ठोक्यांची मालिका सापडली नाही, ही ओळ आमच्यासाठी एचआरव्हीच्या आकड्यापेक्षा मोलाची होती, आणि ती अहवालाच्या चौथ्या पानावर बारीक अक्षरांत होती. ती पहिल्या पानावर यायला हवी, असे मी केंद्राला लेखी कळवले आहे.

पुढची नोंद वर्षभराने करायची आहे. मशीन बसवण्यातील निगुतीमुळे आम्ही याच केंद्रात जाऊ, मात्र अहवाल हातात घेण्याआधी किती ठोके वगळले आणि ते कोणी तपासले, हे विचारून घेऊ.