निळी दांडी, आत रबर: ‘मेकॅनिकल’च्या नावाखाली काय विकलं जातंय

कीबोर्डच्या खोक्यावर ठळक अक्षरांत ‘गेमिंग मेकॅनिकल’ आणि त्याच ओळीच्या शेवटी, भिंग घेऊन वाचावं लागेल इतक्या बारीक अक्षरांत ‘फील’. एमआरपी ४,९९९ रुपये, विकला १,४९९ ला. १०४ की, ब्लू स्विच (दाबताना ‘टिक’ वाजणारे), आरजीबी (रंगीत दिवे), अँटी-घोस्टिंग (एकदम दाबलेल्या अनेक की ओळखण्याचा दावा). घेणारा इंजिनीअरिंगचा विद्यार्थी. दिवसा रिपोर्टचं टायपिंग, रात्री गेम. तीन महिन्यांनी तो कीबोर्ड दुरुस्तीच्या टेबलावर आला. डब्ल्यू आणि ए धरून पळताना स्पेस दाबला की उडी लागत नाही आणि भरभर टाइप केलं की अक्षरं गळतात, अशी तक्रार. ‘खराब झालेले स्विच बदलून द्या’, एवढीच मागणी होती. मेकॅनिकल कीबोर्डात प्रत्येक कीखाली स्वतःचा वेगळा स्विच असतो. पण इथे बदलायला आत एकही स्विच नव्हता.

कीकॅप (कीचं वरचं झाकण) उपटली की दिसते निळी दांडी, डोक्यावर अधिकच्या चिन्हासारखा क्रॉस. इथपर्यंत सगळं खऱ्या ब्लू स्विचसारखं. पण दांडीभोवती स्विचची स्वतःची डबी नाही. कीबोर्डच्या काळ्या कवचालाच भोक पाडलंय आणि त्यात ती दांडी वरखाली होते. मागचे स्क्रू काढले (त्यातला एक लेबलखाली दडवलेला असतो, बोट फिरवलं की खड्डा लागतो) आणि कवच उघडलं, की दांडीखाली पांढऱ्या रबराची टोपी. टोपीखाली पारदर्शक प्लास्टिकचे तीन पापुद्रे. वरच्या आणि खालच्या पापुद्र्यावर चंदेरी शाईच्या रेषा, मधल्याला नुसती भोकं. की दाबली की रबर खचतं आणि वरचा पापुद्रा भोकातून खालच्याला टेकतो. म्हणजे सरकारी ऑफिसात टेबलाटेबलावर असतो तोच मेम्ब्रेन कीबोर्ड. खटखट आवाजासाठी दांडीला प्लास्टिकची एक जीभ काढलेली. आणि हातात जड लागावा म्हणून तळाला लोखंडी पत्र्याची पट्टी स्क्रूने आवळलेली. त्या पट्टीला दुसरं काहीच काम नाही. मेम्ब्रेन कीबोर्ड वाईट असतो असं अजिबात नाही, पण तो मेम्ब्रेन म्हणून आणि मेम्ब्रेनच्या किमतीत विकायला हवा. वजनाची पट्टी घालणाऱ्याला आपण काय विकतोय हे पक्कं ठाऊक असतं.

ही फसवणूक पकडायला कीबोर्ड उघडावा लागत नाही. नोटपॅड उघडा आणि एक की अगदी सावकाश, मुंगीच्या पावलाने दाबत न्या. खऱ्या मेकॅनिकल स्विचचा एकूण प्रवास साधारण ४ मिलिमीटर असतो आणि अक्षर उमटतं निम्म्यावर: चेरी या जर्मन कंपनीच्या रेड आणि ब्राऊन प्रकारांत २ मिलिमीटरला, ब्लूमध्ये २.२ ला. बोट तळाला टेकायच्या आधीच अक्षर पडद्यावर आलेलं असतं. ब्लू असेल तर ‘टिक’ वाजतो आणि अक्षर येतं, दोन्ही जवळजवळ एकाच क्षणी. रबर टोपीवर मात्र आधी विरोध होतो, मग टोपी एकदम खचते आणि तळ गाठल्यावरच अक्षर येतं. ‘टिक’ भलत्याच जागी वाजतो. ही चाचणी दुकानात, काउंटरवर, अर्ध्या मिनिटात होते.

दुसरी खूण कीकॅपखालीच. खरा स्विच हा वेगळा, बंद डबा असतो. धातूच्या किंवा प्लास्टिकच्या प्लेटमधल्या १४ बाय १४ मिलिमीटरच्या चौकोनात तो बसवलेला असतो, वरखाली दोन खटके असतात आणि वरच्या झाकणावर बहुतेक वेळा बनवणाऱ्याचं नाव कोरलेलं असतं: चेरी, कैल, गेटरॉन, औटेमू, ह्युआनो. चेरी सोडून बाकीची नावं चिनी कंपन्यांची आहेत म्हणून ते स्विच नकली ठरत नाहीत. चेरीच्या एमएक्स रचनेचं पेटंट संपल्यावर तशाच रचनेचे स्विच उघडपणे बनू लागले आणि त्यातले कित्येक चांगले आहेत. फसवणूक होते ती ‘चेरी एमएक्स’ असं लिहून दुसरं काही दिल्यावर. जाहिरातीत ‘एमएक्स स्टाइल’ किंवा ‘एमएक्स कम्पॅटिबल’ असेल तर त्याचा अर्थ एवढाच, की कीकॅपचा क्रॉस जुळतो. ‘मेकॅनिकल फील’, ‘मेकॅनिकल टच’, ‘सेमी-मेकॅनिकल’ हे तिन्ही शब्द मेम्ब्रेनचे. त्यात अर्धं मेकॅनिकल काहीही नसतं.

आता त्या न लागणाऱ्या उडीबद्दल. कीबोर्डात १०४ कींना १०४ स्वतंत्र तारा नसतात. आडव्या-उभ्या रेषांची जाळी असते आणि प्रत्येक की एका आडव्या व एका उभ्या रेषेच्या छेदावर बसते. जाळीतल्या एका चौकोनाचे तीन कोपरे एकदम दाबले, की चौथा कोपराही दाबल्यासारखा वाटतो. याला घोस्टिंग म्हणतात. स्वस्त कीबोर्डाला खरं-खोटं ओळखता येत नाही, म्हणून तो तिसरी कीच गिळून टाकतो. मेकॅनिकलमध्ये प्रत्येक स्विचमागे एक डायोड लावता येतो, करंट उलटा फिरत नाही, आणि दहाच्या दहा बोटं दाबली तरी प्रत्येक की वेगळी ओळखू येते. ते एन-की रोलओव्हर. खोक्यावर ‘१९ की अँटी-घोस्टिंग’ किंवा ‘२६ की’ असं छापलेलं असेल तर समजा, की गेममध्ये लागणाऱ्या डाव्या हाताच्या तेवढ्याच की जाळीत सोयीच्या जागी टाकल्यात. बाकीच्या कींचं गिळणं चालूच राहतं.

तपासायची साधी रीत: दोन्ही शिफ्ट करंगळ्यांनी धरून ठेवा आणि उरलेल्या बोटांनी ए ते झेड एकेक अक्षर दाबा. मेम्ब्रेनवर बहुधा काही अक्षरं येतच नाहीत. त्या मुलाच्या कीबोर्डवर सात गायब होती. टायपिंग करणाऱ्याला हा दोष गेमरपेक्षा जास्त छळतो, कारण वेगात एक बोट उचलायच्या आधी दुसरं टेकलेलं असतं आणि आपली चूक नसताना शब्द मोडतात. इन्स्क्रिप्टवर (भारतीय भाषांच्या प्रमाण कीबोर्ड-मांडणीवर) मराठी टाइप करताना जोडाक्षरात तीन-तीन की लागोपाठ पडतात. तिथे एक हलंत गळला तरी ‘शब्द’चा ‘शबद’ होतो.

मेम्ब्रेन ओळखला म्हणजे सुटलो असं नाही. खरे स्विच असलेल्या कीबोर्डातही थापा असतात. सगळ्यात महागात पडणारी थाप ‘हॉट-स्वॅप’ या शब्दाची. सोल्डरिंग न करता स्विच काढून दुसरे बसवता येतात, हा त्याचा अर्थ. पण काही स्वस्त बोर्डांवर सॉकेट म्हणून बारीक धातूची नळी असते आणि तिच्यात औटेमूसारख्या पातळ पिनाच जातात. लोक वर दोन-अडीच हजारांचे गेटरॉन किंवा चेरी स्विच मागवतात आणि जाड पिन जोर लावून घालायला जातात. पिन वाकते किंवा नळी पीसीबीसकट (आतल्या सर्किट बोर्डासकट) उखडते, आणि विक्रेता सांगतो, ‘तुम्ही तोडलंत.’ घेण्याआधी लेखी विचारा: सॉकेट तीन पिनांचं की पाच, आणि कोणत्या कंपन्यांचे स्विच बसतात? पाच पिनांचा स्विच तीन पिनांच्या बोर्डावर बसवायचा असेल तर प्लास्टिकचे दोन जादा पाय कटरने सपाट कापले की काम होतं. धातूच्या पिना मात्र कधीही कापायच्या नाहीत. स्विच घालताना पीसीबीला मागून बोटाचा आधार द्या, नाहीतर सॉकेट मागच्या मागे निघून येतं.

‘पीबीटी कीकॅप’ हीसुद्धा हमखास थाप. पीबीटी प्लास्टिक खरखरीत राहतं, एबीएस काही महिन्यांत घामाने तुळतुळीत होतं आणि स्पेस बारवर अंगठ्याचा डाग चकाकायला लागतो. नवं असताना नजरेला फरक कळेलच असं नाही, पण मिठाच्या पाण्यात कळतो. २०० मिलिलिटर पाण्यात ५० ग्रॅम मीठ पूर्ण विरघळवा, कीकॅप उलटी धरून बुडवा आणि आतली हवा निघून जाऊ द्या. एबीएस वर येतं, पीबीटी तळाला जातं. कारण सरळ आहे: एबीएसची घनता १.०५ च्या आसपास, पीबीटीची १.३ च्या आसपास, आणि हे पाणी दोघांच्या मधलं. साध्या पाण्यात दोन्ही बुडतात, म्हणून मीठ आखडतं घेऊ नका. ज्या डबल-शॉट (दोन थरांत ओतलेल्या) कॅपमधून उजेड आरपार येतो तिच्या आतला थर दुसऱ्या प्लास्टिकचा असू शकतो, तिथे या चाचणीवर पूर्ण विसंबू नये. चाचणीनंतर कॅप गोड्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळल्यावरच परत लावा.

जुना, परत आलेला माल ‘नवा’ म्हणून येतो तोही ओळखता येतो. डब्ल्यू, ए, एस, डी आणि स्पेस बाकीच्या कींपेक्षा चकचकीत आहेत का पाहा. दोन-चार कॅप काढून खाली केस, धूळ, बिस्किटाचा चुरा दिसतो का पाहा. मग प्रत्येक की वीस-वीस वेळा दाबून अक्षरं मोजा. वीसचे एकवीस झाले तर स्विच चॅटर करतोय, म्हणजे आतली धातूची पट्टी एका दाबात दोनदा टेकतेय. नव्या कीबोर्डात हे खपवून घ्यायचं कारण नाही.

ब्रँडेड म्हणून घेतला असेल तर विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये कीबोर्डच्या प्रॉपर्टीजमधला हार्डवेअर आयडी वाचा. व्हीआयडी (बनवणाऱ्या कंपनीचा कोड) या अक्षरांनंतर लॉजिटेकसाठी ०४६डी, रेझरसाठी १५३२, चेरीसाठी ०४६ए असतं. दुसराच आकडा दिसला तर संशय पक्का धरा. बरोबर आकडा दिसला म्हणून मात्र खात्री बाळगू नका, तो नक्कल करता येतो. ब्रँडचं स्वतःचं सॉफ्टवेअर कीबोर्ड ओळखतं का तेही बघा. वायरलेस कीबोर्डला आपल्याकडे बीआयएस (भारतीय मानक ब्युरो) नोंदणी सक्तीची आहे. खोक्यावरचा ‘आर’ पुढचा आठ आकडी नंबर बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की कोणाच्या नावावर आहे ते कळतं.

त्या मुलाचं नुकसान कीबोर्डपेक्षा कागदांमुळे जास्त झालं. परतीची मुदत ७ दिवसांची होती, ती कधीच उलटून गेली होती. खोकं रद्दीत गेलं होतं. आणि विक्रीच्या पानावरचं ‘ब्लू स्विच मेकॅनिकल’ हे शीर्षक तोवर बदलून ‘मेकॅनिकल फील’ झालं होतं. जुन्या पानाचा स्क्रीनशॉट त्याच्याकडे नव्हता. म्हणून ऑर्डर करण्याआधी पूर्ण पानाचे स्क्रीनशॉट घ्या, शीर्षक, फीचरची यादी आणि विक्रेत्याचं नाव दिसेल असे. पार्सलचं लेबल, खोकं फोडणं आणि पहिली सावकाश दाबायची चाचणी एकाच सलग व्हिडिओत घ्या, मध्ये कॅमेरा बंद करू नका. वर सांगितलेल्या सगळ्या चाचण्या मिळून तासाभराचं काम आहे, ते पहिल्याच दिवशी उरका. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत घेत असाल तर बिलावर मॉडेलसोबत ‘मेकॅनिकल’ आणि स्विचचं नाव लिहून मागा. लिहायला काचकूच करणाऱ्याकडून घेऊ नका.

‘नो रिटर्न’ किंवा ‘फक्त रिप्लेसमेंट’ असं ऐकवलं तरी माघार घेऊ नका. ग्राहक संरक्षण ई-कॉमर्स नियम, २०२० प्रमाणे माल सदोष, बनावट किंवा जाहिरातीतल्या वर्णनाप्रमाणे नसेल तर विक्रेत्याला तो परत घ्यायला नकार देता येत नाही. प्लॅटफॉर्मच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि एका महिन्यात निवारण द्यायचं असतं. तक्रारीत ‘क्वालिटी चांगली नाही’ असं लिहू नका, त्यावर कोणी हलत नाही. लिहा: ‘पानावर मेकॅनिकल ब्लू स्विच असं वर्णन होतं. प्रत्यक्षात रबर टोपी आणि मेम्ब्रेन आहे. कॅपखालचा फोटो आणि पानाचा स्क्रीनशॉट जोडला आहे. पूर्ण रक्कम परत हवी.’ उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथेही भागलं नाही तर ई-जागृती पोर्टलवरून जिल्हा ग्राहक आयोगाकडे. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील लागत नाही, तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते आणि त्यासाठी २ वर्षांची मुदत असते. त्या मुलालाही हीच वाट उरली होती. बिलावर मॉडेल नंबर होता, त्याच्या आधारावर त्याने तक्रार टाकली.

या धावपळीत एक जागा घसरण्याची आहे. कस्टमर केअरचा नंबर सर्च करून काढू नका, ॲपमधून किंवा बिलावरूनच घ्या. सर्चमध्ये वर येणारे कित्येक नंबर भामट्यांचे असतात. ‘रिफंडसाठी हे ॲप टाका, स्क्रीन शेअर करा, ५ रुपये पाठवून खातं तपासा’ असं कोणी म्हणालं की फोन ठेवा. आपल्या खात्यात पैसे यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही. पिन टाकून पैसे गेलेच असतील तर बँकेला कळवा आणि त्याच तासात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा, म्हणजे रक्कम पुढच्या खात्यात सरकायच्या आत अडवता येण्याची शक्यता असते.