जुन्या इंग्रजी खतातली ‘चेन’: 66 फूट की 100 फूट?

जमिनीच्या खतासारख्या (दस्तऐवजासारख्या) जुन्या इंग्रजी कागदात ‘5 चेन 25 लिंक’ असं दिसलं, की आधी एकच विचारा: साखळी कुठली? चेन म्हणजे जमीन मोजायची साखळी, लिंक म्हणजे तिची एक कडी.

गंटरची साखळी 66 फुटांची. एडमंड गंटर या इंग्रज गणितज्ञाने ती 1620 च्या सुमारास रूढ केली. तिला 100 कड्या, एकेक लिंक 7.92 इंच. ही लांबी विचित्र वाटते, पण हिशेब सुंदर आहे: 10 चौरस चेन म्हणजे बरोबर 1 एकर. शेत 10 चेन लांब, 4 चेन रुंद असेल तर 40 भागिले 10, म्हणजे 4 एकर. 10 चेनचा फर्लाँग, 80 चेनचा मैल. क्रिकेटची खेळपट्टीही एक चेनच, 22 यार्ड. आपला गुंठा याच मापात बसतो: अर्धी चेन, म्हणजे 33 फूट, गुणिले 33 फूट.

इंजिनिअरची साखळीही 100 कड्यांचीच, पण कडी 1 फुटाची. घोळ इथेच होतो. वरचे 5 चेन 25 लिंक गंटरने 346.5 फूट, इंजिनिअरने 525 फूट. क्षेत्रफळात तर चूक जवळपास 2.3 पट होते. तेच 4 एकराचं शेत 9.18 एकर दिसतं.

कागदात एकर दिले असतील तर लांबी-रुंदी गुणून पडताळा. जमिनीच्या इंग्रजी खतात मी आधी गंटरच धरेन. रस्त्याच्या नकाशात मात्र प्रमाणपट्टी (स्केल) पाहिल्याशिवाय काहीच धरू नये.