तान्ह्या बाळाच्या रडण्यावर ऑस्टिओपॅथी: चार महिन्यांच्या वापरानंतर

संध्याकाळी सहा वाजले की मुठी आवळून, पाय पोटाशी घेऊन रडायला लागणाऱ्या बाळांसाठी पुण्यात हल्ली कुणी ना कुणी ऑस्टिओपॅथी, म्हणजे हाताच्या हलक्या दाबाने करायचा उपचार, सुचवतंच. दुसऱ्या महिन्यापासून सहाव्या महिन्यापर्यंत उपचार घेतल्यावरचं मत आधीच सांगायला हवं: हलक्या दाबाने रडणं थांबतं असं म्हणायला आधार मिळाला नाही. बाळाला धरणं, पाजणं आणि ढेकर काढणं मात्र तिथे फार नीट शिकायला मिळालं, आणि उपयोग झाला तो त्याचाच.

सेशन साधारण अर्ध्या तासाचं. आधी प्रश्न: प्रसूतीत व्हॅक्यूम किंवा चिमटा लागला का, दूध अंगावरचं की वरचं, शी कशी होते. मग बाळ आईच्या मांडीवर असतानाच एक तळवा डोक्याखाली आणि दुसरा माकडहाडाखाली. दाब पापणीवर बोट टेकवावं इतकाच. कट्कन आवाज काढणारा किंवा मानेला झटका देणारा कुणी भेटला, तर बाळ उचलून बाहेर पडा. तान्ह्या मानेवर असला प्रयोग नको.

अँड्र्यू टेलर स्टिल यांनी ही पद्धत अमेरिकेत 1874 मध्ये मांडली. कवटीची हाडं सूक्ष्म हलतात आणि ती लय हाताला कळते, ही कल्पना त्यांचे विद्यार्थी सदरलँड यांची. अडचण अशी की एकाच व्यक्तीची ही लय दोन उपचारकांनी मोजली तर आकडे जुळत नाहीत. उपचारांचे पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या 2012 च्या आढाव्यात हाताने करायच्या अशा उपचारांच्या सहा छोट्या चाचण्या होत्या, मिळून 325 बाळं. रडणं कमी झाल्याचं दिसलं खरं, पण ज्यांत उपचार झाला की नाही हे पालकांना माहीतच नव्हतं, तेवढ्याच चाचण्या धरल्या तर फरक ठाम उरला नाही.

मग घरच्यांना फरक पडल्यासारखं का वाटतं, ते समजून घेण्यासारखं आहे. बाळाचं रडणं दुसऱ्या आठवड्यापासून वाढतं, सहाव्या आठवड्याच्या आसपास कळस गाठतं आणि तीन-चार महिन्यांत आपोआप उतरतं. घरचे उपचारांकडे वळतात ते नेमके कळसाच्या वेळी. त्यानंतर काहीही केलं तरी गुण आल्यासारखा वाटतो. त्यात रिक्षाच्या हादऱ्यांनी बाळ वाटेतच झोपतं, आणि त्या झोपेचं श्रेयही उपचाराला जातं. म्हणून पहिल्या सेशनच्या आधी आठ दिवस वहीत नोंद ठेवा: दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे 96 चौकोन, आणि रडणं, झोप, पाजणं यांना वेगवेगळे रंग. वही नसेल तर फरक पडला की नाही, हे कुणालाच सांगता येणार नाही. वेळ सकाळची घ्या. संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये अडकलं की तो दिवस वायाच जातो.

आता घरी करायचं. पाजताना टक्-टक् आवाज येत असेल तर बाळ फक्त बोंडी धरतंय आणि हवा गिळतंय. हनुवटी छातीत रुतेल आणि बोंडीभोवतीचा काळा भाग तोंडात जाईल असं पुन्हा धरा. मधेच एकदा ढेकर काढा. रडू लागलं की हाताच्या लांबीवर पालथं घ्या: गाल कोपराशी, पोट हातावर, तळवा मांड्यांच्या मधे, दुसरा हात पाठीवर. पोटाची मालीश पाजल्यावर पाऊण तासाने, कोमट खोबरेल हातावर घेऊन, घड्याळाच्या काट्याच्या दिशेने, कारण मोठं आतडं त्याच दिशेने जातं. मग गुडघे पोटाशी दुमडून थोडं थांबायचं. पाच मिनिटं पुष्कळ झाली.

मालीशवाल्या मावशींना दोन गोष्टी आधीच सांगा: टाळू दाबायची नाही, आणि नाका-कानात तेल घालायचं नाही. नाकातलं तेल फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होऊ शकतो. घुटीत मध नको. पोटातल्या कळीवरचे डायसायक्लोमिनचे थेंब सहा महिन्यांच्या आत चालत नाहीत. गॅसवरचे सिमेथिकोनचे थेंब निरुपद्रवी, पण कळ थांबवतात असं सिद्ध झालेलं नाही.

एका तक्रारीत हाताच्या उपचाराला खरंच जागा आहे. बाळ कायम एकाच बाजूला मान वळवत असेल आणि डोकं त्या बाजूला चपटं होत असेल, तर मानेचा स्नायू आखडलेला असू शकतो. तिथे बालरोगतज्ज्ञांना दाखवून फिजिओथेरपिस्टकडून ताण द्यायचे व्यायाम शिकून घ्या, जागेपणी पालथं झोपवा, आणि पाळण्यात उशा-पायथ्याची बाजू बदला म्हणजे उजेडाकडे बघायला मान दुसरीकडे वळेल.

हिरवी उलटी, शीतून रक्त, फुगलेली टाळू, कमी झालेली लघवी, किंवा तीन महिन्यांच्या आत 38 अंश सेल्सिअस ताप असेल तर सेशन विसरा, थेट दवाखाना गाठा. आणि बाळ अचानक, कशानेच न थांबता रडत असेल तर आधी मोजे काढून पायाचं प्रत्येक बोट बघा. बाळंतपणानंतर आईचे केस गळतात, त्यातला एखादा बोटाला घट्ट गुंडाळला जातो आणि बोट लालजांभळं सुजतं. केस सहज निघाला नाही तर ओढत बसू नका, लगेच डॉक्टरांकडे न्या.