किल्ला आखायचा खेळ, सात महिन्यांनंतर: खेळ झकास, पेन्सिलींनी वैताग आणला

नियम सांगत बसत नाही. कार्ड उघडायचं, खोलीचा आकार चौकोनी घरं आखलेल्या कागदावर काढायचा, दाराला दार जुळवायचं, रंग भरायचा आणि शेवटी गुण मोजायचे, एवढं वाचणाऱ्याला माहीत असणारच. डब्यावर जे छापलेलं नसतं ते सांगतो. या खेळाचं खरं सामान म्हणजे पेन्सिल, आणि डब्यात सगळ्यात हलक्या दर्जाचं सामान नेमकं तेच निघालं.

रंगीत पेन्सिल खोडता येत नाही. खोडरबर भारी घेतलं तरी येत नाही. साध्या पेन्सिलीत ग्राफाइट आणि चिकणमाती असते. तिची रेघ कागदाच्या वरवर बसते आणि रबराला चिकटून निघून येते. रंगीत पेन्सिलीतला रंग मेणात किंवा तेलात कालवलेला असतो. रबर घासलं की तो निघायच्या ऐवजी पसरतो आणि कागदाच्या तंतूंत आणखी आत जातो. दोनदा घासलं की कागदाचा पापुद्रा उठतो, आणि त्या जागी पुन्हा दिलेला रंग शेजारच्या घरापेक्षा गडद दिसतो. मोजणीच्या वेळी मग वाद सुरू होतो: ही एक खोली की दोन?

वैतागाचं दुसरं कारण दिवा. पिवळसर दिव्याखाली पांढऱ्या कागदावरचा पिवळा रंग जवळजवळ दिसतच नाही, आणि निळा-जांभळा एकमेकांत मिसळतात. रंगावर गुण अवलंबून असताना हे चालण्यासारखं नाही. पांढऱ्या उजेडाचा दिवा लावला की अर्धा प्रश्न सुटतो. उरलेला अर्धा सुटण्यासाठी रंग भरणंच बंद करावं लागतं. शयनगृहाला आडव्या रेघा, स्वयंपाकघराला तिरप्या, बागेला ठिपके, तळघराला फुल्या. कागदाच्या कोपऱ्यात एकदा खूण लिहून ठेवायची. बारा घरांच्या दालनात रंग घोटत बसण्यापेक्षा हे कितीतरी लवकर होतं, बाकीचे ताटकळत नाहीत आणि रंग ओळखायला ज्यांना अडचण येते त्यांनाही सरळ खेळता येतं. कागद कमी देखणा दिसतो, हे मान्य.

भिंतींसाठी एचबी पेन्सिल घ्या, म्हणजे मध्यम कडक. एच किंवा २एच बारीक आणि नीटस दिसते, पण कडक असल्याने कागदात चर पाडते. ग्राफाइट निघालं तरी चर राहतो आणि नंतरच्या रंगात पांढरी रेघ होऊन वर येतो. २बी सहज खोडली जाते, पण तळहाताला लागून अख्खा किल्ला धुरकट होतो. ०.५ मिलीमीटरची पेन-पेन्सिल उत्तम, फक्त हात हलका हवा.

आखायचा क्रमही महत्त्वाचा. आधी घरं मोजून कोपऱ्यांवर बारीक ठिपके द्यायचे. मग दाराच्या दोन्ही बाजूंना छोट्या खुणा करायच्या. शेजारच्या खोलीचं दार समोर येतंय ना, हे इथेच तपासायचं. त्यानंतर भिंत ओढायची, खोलीत आकडा लिहायचा आणि खूण किंवा रंग सगळ्यात शेवटी भरायचा. बहुतेक जण भिंत आधी ओढतात आणि मग दारासाठी फट खोडतात. तिथेच कागद फाटतो, किंवा फट एक घर सरकते आणि दार शेजारच्या भिंतीवर आपटतं.

सगळ्यात जास्त चुका होतात त्या उलट्या आकाराच्या. आकार फिरवणं वेगळं आणि आरशातल्यासारखा पालटणं वेगळं. ‘कार्टोग्राफर्स’ या नकाशा आखायच्या खेळात दोन्ही चालतं, त्यामुळे तिथून आलेल्यांचा हात न विचारता पालटतो. ‘कॅसल्स ऑफ मॅड किंग लुडविग’ (२०१४) हा टाइलचा, म्हणजे छापील तुकडे जोडायचा खेळ. तिथे खोली एकाच बाजूला छापलेली असते, पालटायचा प्रश्नच येत नाही. कागदाला मात्र उलटसुलट कळत नाही. नियमात पालटायला मनाई असेल तर जपून राहा: चार घरं जोडून होणाऱ्या पाच आकारांपैकी दोन पालटले की वेगळे होतात, पाच घरांच्या बारापैकी सहा. म्हणजे मोठ्या खोल्यांत निम्म्या ठिकाणी सापळा.

यावर सात महिन्यांतला सगळ्यात स्वस्त उपाय: जुनी पारदर्शक शीट घेऊन तिच्यातून हे आकार कापा. एका कोपऱ्यात मार्करने ‘क’ लिहा. ‘क’ सरळ वाचता आला तर आकार सुलटा, आरशातल्यासारखा दिसला तर उलटा. हा साचा कागदावर सरकवून खोली कुठे बसते ते एकही रेघ न ओढता दिसतं. खोडरबराचं काम निम्म्याहून कमी होतं. एवढी साधी गोष्ट डब्यात का नसावी?

आता कागदाचा हिशेब. चौघे खेळले तर शंभर पानांच्या पॅडमध्ये पंचवीस डाव. सरावाच्या डावाला छापील पान वापरणं म्हणजे उधळपट्टीच. फोटोकॉपी काढा, पण प्रिंटरला ‘पानात बसवा’ सांगू नका. ९७ टक्क्यांवर छापलं तर ५ मिलीमीटरच्या वीस घरांच्या रांगेत ३ मिलीमीटरचा फरक पडतो, अर्ध्या घराहून जास्त, आणि साचा शेवटाकडे बसेनासा होतो. मूळ आकारातच छापा, शक्यतो लेझरवर. इंकजेटची काळी रेघ ओल्या बोटालाही पसरते.

पान लॅमिनेट करून पुसायचा मार्कर वापरायचा, ही सगळ्यांची पहिली युक्ती आणि पहिली फजिती. कोरडा पुसायचा मार्कर तळहातानेही पुसला जातो. डावाच्या मध्यावर अख्खा बुरूज गायब. ओल्या फडक्याने पुसायचा बारीक टोकाचा मार्कर घ्या. जाड टोक ५ मिलीमीटरच्या घरात दार दाखवूच शकत नाही. जुने डाग राहिले तर त्यांवर कोरडा मार्कर गिरवून लगेच पुसा, नाहीतर आयसोप्रोपिल अल्कोहोल फडक्यावर घ्या. उष्णतेने पुसली जाणारी पेनंही सुचवली जातात. त्यांची शाई ६० अंश सेल्सिअसच्या आसपास रंगहीन होते, म्हणजे पानं उन्हात बंद गाडीत राहिली तर किल्ला गेला. फ्रीजरमध्ये ठेवला तर परत येतो, पण खोडलेल्या सगळ्या चुकांसकट.

इथवरचं सगळं गाऱ्हाणं चुका खोडण्याबद्दल आहे, आणि तिसऱ्या महिन्यापर्यंत माझं मतही तेच होतं. आता बदललंय. साचा हाताशी असला की खोडू द्यायचंच नाही, हा नियम जास्त चांगला. चुकीचं आखलेलं दार तसंच राहू द्या, ते बंद धरा आणि पुढे जा. खोडायची मुभा असली की लोक डाव मागे नेऊन पुन्हा विचार करतात आणि अर्ध्या तासाचा खेळ दीड तास चालतो. मुभा नसली की माणूस आधी विचार करतो. कुठे अडकणार हेही लवकर कळतं. दोन खोल्यांमध्ये एका घराची चिंचोळी पट्टी सोडलीत तर त्यात सरळ दांडीशिवाय काही बसत नाही. चार घरांच्या आकारांत ती एकच, पाच घरांच्यातही एकच. सोडायचीच तर दोन घरांची जागा सोडा, आणि कडेच्या भिंतीकडे दार उघडू नका. ते डाव संपेपर्यंत फुकट जातं.

शेवटी अर्धवट राहिलेल्या किल्ल्याचं वाईट वाटून घ्यायचं कारण नाही. जर्मनीतल्या बव्हेरियाचा राजा लुडविग दुसरा याने नॉयश्वानस्टाइन किल्ल्याचा पाया १८६९ मध्ये घातला. पहिली चित्रं काढली नाटकाचे पडदे रंगवणाऱ्या क्रिस्टियान यांकने. ती बांधता येतील अशी करायचं काम वास्तुकार एडुआर्ड रीडेलच्या वाट्याला आलं. १८८६ मध्ये राजा वारला तेव्हा दोनशेहून जास्त योजलेल्या दालनांपैकी जेमतेम पंधरा पुरी झाली होती, आणि सिंहासनाच्या दालनात सिंहासनच नव्हतं. टेबलावरही हेच होतं: ज्याचा कागद सगळ्यात देखणा, तो बहुधा मागे पडतो, कारण त्याने मनोरे आधी काढलेले असतात आणि जोडणारे जिने राहिलेले असतात.

खेळ ठेवणार, विकणार नाही. नवा पॅड मात्र घेणार नाही. लॅमिनेट केलेली चार पानं, बारा साचे आणि ओल्या फडक्याने पुसायचे बारीक मार्कर पुरे. डब्यातल्या रंगीत पेन्सिली शार्पनरमध्ये आतूनच तुटतात. पडल्यावर त्यांचं शिसं आतल्या आत तडकतं, त्याला इलाज नाही.