जुन्या पिकअपचे ‘ओरिजिनल’ नट-बोल्ट आणि माझे 18,650 रुपये

आधी फसवणुकीत गेलेला आकडा सांगतो. नट-बोल्टच्या किटचे 14,800, पॅकिंग-कुरिअरचे 650, आणि वर डाव्या चाकांच्या उलट्या आट्यांच्या स्टडचे (चाक ज्यांवर बसतं ते बिनडोक्याचे बोल्ट) 3,200. एकूण 18,650. नट-बोल्टसाठी! घरी अजून 8,000 सांगितलेत, ओळखीच्यांनी कृपया तोंड बंद ठेवावं.

गाडी महिंद्राची एफसी-150, पुढे नाक नसलेली जुनी पिकअप. आराखडा अमेरिकन जीपचा, त्यामुळे आटे सगळे इंची. अडीच सूत, तीन सूत, साडेतीन सूत; एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. बिडात (ओतीव लोखंडात) जाणारे बहुतेक जाड आट्यांचे, नट लागतो तिथे बारीक. कोपऱ्यावरच्या दुकानात आता सगळं मिलिमीटरमध्ये मिळतं. आपण कुठे अडतो हे विकणाऱ्याला आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं.

हा विकणारा व्हॉट्सअॅपवर भेटला. ‘दादा, मिलिटरीच्या लिलावातला पेटीबंद माल आहे, ग्रेड 8.’ ग्रेड म्हणजे बोल्टची ताकद, 8 म्हणजे चांगलाच भक्कम. बोलणं गोड, गाडीची माहिती पक्की. पुढचं स्प्रिंग हँगर कुठे गंजतं हेसुद्धा त्यानेच मला सांगितलं.

मग त्याने फोटो पाठवले. त्यातल्या एकात, खाली कोपऱ्यात, एका बोल्टच्या डोक्यावर स्वच्छ 8.8 उठवलेलं होतं. 8.8 ही मेट्रिक, म्हणजे मिलिमीटरवाल्या बोल्टची खूण. इंची ग्रेड 8 च्या डोक्यावर आकडा नसतोच, सहा रेघा असतात. ग्रेड 5 ला तीन. हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. मी त्याला विचारलंही. ‘तो चुकून फ्रेममध्ये आलाय दादा.’ आणि मी काय केलं, तर अंगठा पाठवला! आता शहाणे म्हणतील, दिसत होतं ना? अहो, रंगवलेली बॉडी पेंटरकडे उभी, तो जागेचं भाडं मागतोय, मिस्त्री दुसरं काम धरायच्या बेतात. तुम्हीही अंगठाच पाठवला असता. पुढे क्यूआर स्कॅन केला तर नाव भलत्याच बाईंचं. ‘वहिनींचं खातं आहे.’ तेही पटलं. पैसे जाताना स्क्रीनवर दिसणारं नाव जुळलं नाही तर तिथेच थांबा, वहिनी असो नाहीतर मावशी.

पार्सल आलं. चकचकीत, निळसर झिंकचं. डोक्यावर सहा रेघा होत्या, पण बनवणाऱ्याची खूण एकावरही नाही. खऱ्या ग्रेड 8 वर ती असतेच. नुसत्या रेघा कुणीही मारतो. मिस्त्रीने शॅकलजवळचा (स्प्रिंग चॅसीला जोडणाऱ्या कडीजवळचा) तीन सुती बोल्ट आवळायला घेतला, अजून खरा जोर लावायचा होता, तोच पाना एकदम हलका झाला आणि बोल्टचं डोकं रिंगमध्ये अडकून हातात आलं. अडीच सुती म्हणून दिलेले तर सरळ 8 मिलिमीटरचे निघाले. अडीच सूत म्हणजे 7.94, फरक केसाएवढा. दोन आटे लोण्यासारखे जातात, मग अडकतात. हेल्परने पाना लावून ढकलला आणि इंजिनच्या ब्लॉकमधले आटे गेले. गेलेले आटे नव्याने बसवायच्या हेलीकॉइलचे 900 वेगळे. उलट्या आट्यांचे स्टड? सगळे सुलटे. एकाच्याही टोकावर लेफ्टचा ‘एल’ नाही. जाडी मोजायचा व्हर्नियर आणि आटे मोजायचा पिच गेज घरात नसेल तर जुन्या गाडीच्या वाटेला जाऊ नका.

चौकीत गेलो. ‘पार्सल आलंय ना? मग फसवणूक कसली? दिवाणी मामला आहे.’ मी म्हटलं, साहेब, एक सांगून दुसरं विकलं, ती फसवणूकच. भारतीय न्याय संहितेत कलम 318 आहे. तर म्हणे, ‘वकील आहात का?’ शेजारच्याने तुटलेला बोल्ट हातात घेऊन पाहिला आणि ‘खिळ्यासाठी एफआयआर करायचा का?’ म्हणून हसला. हा खिळा ताशी साठच्या वेगात तुटला असता तर पंचनामा करायला हेच आले असते. तिथून सायबर पोलिसांकडे पाठवलं. सायबरवाले म्हणाले, माल मिळालाय, आमच्यात बसत नाही, चौकीत जा. बँकेत गेलो तर ‘पिन तुम्हीच टाकलात.’ पिन मी नाही टाकणार तर कोण टाकणार? अर्जाची पोच मागितली तर शिक्का ज्यांच्याकडे ते साहेब जेवायला. परत गेलो, साहेब बंदोबस्ताला. आम्ही कर भरतो तो या शिक्क्याच्या शाईसाठी!

बिलावरचा जीएसटी नंबर नंतर पोर्टलवर टाकून पाहिला. साड्यांचं दुकान. तिथे लॉगिनही लागत नाही, फुकट दिसतं. पैसे द्यायच्या आधी बघा.

आणखी एक. जुना नट नव्या बोल्टवर हाताने शेवटपर्यंत फिरवून दाखवणारा व्हिडिओ मागा, खरा विकणारा तो पाठवतो. शक्यतो जुना बोल्ट खिशात घालून स्वतः मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटला, हार्डवेअरच्या बाजारात जा. चाकांचे स्टड लेथवर कातून घेऊ नका, कितीही स्वस्त पडले तरी. पार्सल उघडताना मोबाइल चालू ठेवा. पैसे गेले आणि मालच आला नाही तर त्याच घटकेला 1930, म्हणजे सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा; माल खोटा आला तर ग्राहक हेल्पलाइन 1915, नाहीतर ग्राहक आयोगात ऑनलाइन तक्रार. 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, आणि तक्रार आपल्याच जिल्ह्यात करता येते, विकणारा कुठलाही असो. माझी तक्रार करून झालीये.

तो नंबर बंद आहे, पण तोच 8.8 वाला फोटो परवा दुसऱ्या नंबरवरून फिरताना पाहिला. यावेळी किट 16,500 ला. ज्यांनी आधीच पैसे दिलेत त्यांनी कुरिअरची पावती आणि खोकं फेकू नका, आणि आपापल्या चौकीत अर्ज द्या. पोच घेतल्याशिवाय उठू नका.