पोलर एच१०: छातीचा पट्टा, राजहंसगडाच्या चढावर

नाडी मोजणारा हा पट्टा कुणासाठी नाही ते आधी. बेळगावच्या व्हॅक्सिन डेपो मैदानावर गप्पा मारत चार फेऱ्या घालणाऱ्यांना मनगटावरचं घड्याळ पुरे. येळ्ळूरहून राजहंसगडाचा चढ पळत चढणाऱ्यांनी, तालमीत शंभर-शंभर बैठका मारणाऱ्यांनी मात्र पट्टाच घ्यावा.

फरक पहिल्या अर्ध्या मिनिटात कळतो. नसांचा ताबा काढला तर हृदय आपल्या आपण मिनिटाला साधारण १०० ठोके देतं. व्हेगस नस लगाम ओढून ते ७०च्या आसपास ठेवते. पाऊल उचललं की मेंदू आधी हा लगाम सैल सोडतो, म्हणून नाडी लगेच उसळते. हृदयाचा वेग वाढवणाऱ्या सिम्पथेटिक नसांचा जोर मागाहून, दहा-वीस सेकंदांनी चढतो. पट्टा हृदयाची विद्युत लहरच टिपतो, त्यामुळे ही चढण ठोक्यागणिक दिसते.

घड्याळ हिरव्या उजेडात कातडीतलं रक्त बघतं, आणि घोळ तिथेच आहे. मांड्यांना रक्त पुरावं म्हणून सिम्पथेटिक नसा आतडी, मूत्रपिंडं आणि सुरुवातीला कातडीच्याही वाहिन्या आवळतात. डिसेंबरच्या पहाटे मनगट आधीच गार. मग घड्याळ पावलांचा ठेका धरून बसतं: नाडी १३०, पडद्यावर १६५!

पट्टा छातीच्या स्नायूंच्या लगेच खाली, घट्ट बांधायचा. आतले रबरी भाग पाण्याने ओले करूनच. कोरडा बांधला तर घाम सुटेपर्यंत पाच-दहा मिनिटं आकडे वेड्यासारखे उड्या मारतात. फडफडणारा नायलॉनचा टी-शर्टही तेच करतो.

एक गोष्ट हा पट्टा सांगत नाही: रक्तदाब. दम कोंडून जड वजन उचललं की दाब भलताच चढतो, नाडी मात्र बेताचीच वाढते. आकडा कमी दिसला म्हणून अजून वजन चढवू नये.

खरी किंमत वसूल होते ती थांबल्यावर. गडाच्या दरवाज्याशी पोचून एकदम उभं राहू नका. पोटऱ्यांचा पंप बंद पडतो, पायांतल्या वाहिन्या अजून सैलच असतात, रक्त खाली साचतं आणि घेरी येते. दोन-तीन मिनिटं सावकाश चालत राहा आणि पहिल्या मिनिटात नाडी किती उतरली ते बघा. व्हेगसने लगाम परत धरल्याची ती खूण. चांगला दम लागेपर्यंत पळूनही दरवेळी १२ ठोके किंवा त्याहून कमीच उतरत असेल, तर डॉक्टरांना दाखवा. बीटा-ब्लॉकर (रक्तदाब-हृदयासाठीची) गोळी चालू असणाऱ्यांनी कमाल नाडीचं २२० वजा वय हे गणित सोडून द्यावं. गोळी सिम्पथेटिकचा जोरच अडवते.

वापर झाला की सेन्सर काढून ठेवा, नाहीतर ओल्या पट्ट्यावर तो चालूच राहतो आणि सेल संपतो. सेल सीआर २०२५ लागतो. दुकानदार सवयीने २०३२ हातात ठेवतो. तो जाड असतो, झाकण बसत नाही.