नाशकातला सुटा टोस्ट : सगळी मदार दुसऱ्या भट्टीवर

भद्रकालीपासून नाशिकरोडपर्यंत कुठल्याही जुन्या बेकरीत सुटा टोस्ट किलोवर मिळतो : साधा दुधाचा, वेलचीचा, जिऱ्याचा आणि हल्ली ‘गव्हाचा’. रोजच्या चहाबरोबरचा म्हणून त्याच्याकडे कुणी निरखून बघत नाही. पण ‘बिस्किट’ या शब्दाचा मूळ अर्थ बेकरीत आज कुठे जिवंत असेल तर तो या टोस्टमध्ये. पुड्यातलं बिस्किट एकदाच भाजतात, टोस्ट दोनदा.

लॅटिनमध्ये ‘बिस’ म्हणजे दोनदा आणि ‘कोक्टुस’ म्हणजे शिजवलेलं, भाजलेलं. संस्कृतातले ‘द्विस्’ आणि ‘पक्व’ याच मुळांतून आले, म्हणजे बिस्किट हे शब्दशः ‘द्विपक्व’. लांबच्या समुद्रप्रवासात पाव टिकवायचा तर त्यातलं पाणी काढून टाकण्याला पर्याय नव्हता, म्हणून तो पुन्हा भट्टीत जायचा. जर्मनांनी या शब्दाचं सरळ भाषांतर केलं, ‘झ्वीबाक’ : दोनदा भाजलेला. डचांचा ‘बेस्खॉइट’ त्याच कुळातला. गोल आणि अतिशय ठिसूळ. घरात बाळ जन्मलं की त्यावर लोणी आणि साखरेत घोळवलेले अनीसचे (बडीशेपेसारखे) दाणे घालून पाहुण्यांना देतात. रशियनांनी दोनदा भाजणं सोडून फक्त कोरडेपणा धरला. त्यांचा ‘सुखार’ हा ‘सुखोय’ म्हणजे कोरडा यावरून, आणि आपला ‘सुका’ त्याच मुळाचा. ‘टोस्ट’सुद्धा लॅटिन ‘तोस्तुस’ म्हणजे उष्णतेने वाळवलेला यावरून आला. त्याच मुळातून संस्कृतात ‘तृष्णा’ झाली आणि तिच्यातून मराठीत ‘तहान’. पुड्यांवर छापलेला ‘रस्क’ मात्र वेगळ्या घरचा : स्पॅनिश-पोर्तुगीज ‘रोस्का’ म्हणजे पीळ दिलेला पाव.

तेव्हा नाशकातल्या टोस्टचा दर्जा ठरवायचा तो दुसऱ्या भाजण्यावरून. चांगली बेकरी मैदा, साखर, यीस्ट, तूप आणि दुधाच्या कणकेचा लांबट पाव साधारण २०० ते २२० अंशांवर २५-३० मिनिटं भाजते आणि रात्रभर थंड होऊ देते. ही रात्र वाचवता येत नाही. गरम पावातला स्टार्च मऊ असतो, सुरी घातली की काप फाटतात, कडा चुरतात. दुसऱ्या दिवशी दीडेक सेंटीमीटर जाडीचे काप पत्र्यावर मांडून १२० ते १५० अंशांवर सावकाश वाळवतात, मध्ये एकदा उलटतात. इथे रंगापेक्षा पाणी उडणं महत्त्वाचं.

बहुतेक ठिकाणी बिघडतं ते इथेच. भट्टी तापलेली असते, पुढचा माल थांबलेला असतो, म्हणून काप जास्त आचेवर घाईने काढतात. बाहेरून बदामी रंग येतो, पोटात ओल राहते. एक-दोन दिवसांत ती ओल बाहेर सरकते आणि टोस्ट वातड होतो, किंवा आतल्या-बाहेरच्या ताणाने न हात लावता मधोमध तडकतो. गरम असतानाच पिशवी बांधली तर वाफ आतच जिरते. पिशवीच्या आतून धुकं दिसलं तर तो माल घेऊ नये.

दुकानात एक काप मागून मोडून पाहावा. ‘कट्’ असा कोरडा आवाज यायला हवा आणि मोडलेल्या बाजूचा रंग कडेपासून मध्यापर्यंत जवळपास सारखा हवा. मधला भाग पांढरट आणि दाबला तर किंचित दबणारा असेल तर तो दुसऱ्या भट्टीतून लवकर निघालाय. वास घ्यावा : खवट वास म्हणजे तूप जुनं. खाल्ल्यावर टाळूला मेणासारखा थर राहिला तर जड वनस्पती तूप वापरलंय. चहात दोन-तीन सेकंद बुडवल्यावर चांगला टोस्ट भिजतो पण हातात राहतो. लगेच तुटून तळाशी बसणाऱ्या टोस्टमध्ये बहुधा पाव जास्त फुगवलेला असतो.

प्रकारांत दुधाचा आणि वेलचीचा सर्वांत विश्वासाचा. जिऱ्याचा टोस्ट गोडाला कंटाळलेल्यांनी जरूर घ्यावा, फक्त जिरं जळलेलं नसावं, नाहीतर कडवटपणा शेवटपर्यंत जात नाही. ‘गव्हाचा’ म्हणून मिळणाऱ्या तपकिरी टोस्टबाबत सावध राहावं. पुड्यावर घटकांत मैदा पहिला आणि पुढे कॅरॅमल रंग लिहिला असेल तर तपकिरीपणा कणकेचा नाही. सुट्या मालात हे वाचायलाच मिळत नाही, ही या पदार्थाची खरी उणीव आहे. भाजल्याची तारीखही विचारावी लागते.

कॉलेज रोडकडच्या कॅफेंत ‘बिस्कोत्ती’ मिळते तीही दोनदा भाजलेलीच. इटलीत मात्र ‘बिस्कोत्तो’ आता कुठल्याही बिस्किटाला म्हणतात. तो बदामाचा कडक काप हवा तर तस्कनीत ‘कांतुच्ची’ मागावी. परदेशी मुलांकडे जाणाऱ्यांनी आणखी एवढं लक्षात ठेवावं : जर्मनीत ‘बिस्क्वीट’, स्पेनमध्ये ‘बिथकोचो’ आणि पोलंडमध्ये ‘बिश्कोप्त’ मागितलं तर हातात मऊ स्पंज केक येतो. शब्द टिकला, दुसरी भट्टी गेली. पॅरिसमध्ये आपल्या टोस्टच्या जवळचं काही हवं तर ‘बिस्कोत’. जर्मनीत साधं बिस्किट म्हणजे ‘केक्स’, जो इंग्रजी ‘केक्स’ या अनेकवचनावरूनच घेतलाय. आणि पोलंडमध्ये तोच ‘केक्स’ सुक्यामेव्याचा केक होतो.

पाचपैकी चार गुण, तेही दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंतच्या मालाला. पावसाळ्यात नाशकाची हवा टोस्टला सोसत नाही, म्हणून श्रावणात पाव किलोपेक्षा जास्त घेऊ नये आणि घरी आणल्याबरोबर घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात भरावा. खारीच्या डब्यात ठेवू नये, तिच्या तुपाचा वास लागतो. मऊ पडलाच तर मंद आचेवर जाड तव्यावर पाच-सात मिनिटं उलटसुलट शेकावा, किंवा १२० अंशांवर ओव्हनमध्ये आठ-दहा मिनिटं ठेवावा. बाहेर काढल्यावर तो थोडा नरम वाटतो. पूर्ण गार झाला की कुरकुरीत होतो, आणि मगच डब्यात भरावा.